अंघोळीनंतर दुखणारं डोकं आणि थंडीतल्या बाकीच्या तक्रारी

मी डॉक्टर, म्हणून तू मला पत्र लिहून सल्ला विचारलास. त्या पत्रात सात तक्रारी आहेत. दिवाळीनंतर नडग्यांना सुटलेली खाज, टाचांच्या भेगा, रात्री दोन-तीनला उठवणारा कोरडा खोकला, सकाळी अंथरुणातून न उठवणं, दिवसभराची मरगळ, ऑफिसच्या एसीत गारठणारे हातपाय आणि मधूनच येणारं रडू. या सातांवर तू दीड पान लिहिलंस आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस: ‘अंघोळ झाली की कधी कधी डोकं ठणकतं, मळमळतं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरं वाटतं, सर्दी साचली असेल.’ मी आधी या ओळीचं उत्तर देते. बाकीच्या तक्रारी आठ दिवस थांबल्या तरी चालेल. ही एक रात्रही थांबायला नको.

तू सांगितलेले तपशील एकत्र ठेवून बघ. पुण्याजवळच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही तिघी राहता. बाथरूममध्येच गॅसचा गिझर आहे आणि खाली छोटा सिलिंडर. डिसेंबरात गार वारा यायला लागला म्हणून रूममेटनं खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर थर्मोकोलचा तुकडा बसवून चारी बाजूंनी सेलोटेप मारली. सकाळी तिघींच्या अंघोळी लागोपाठ होतात आणि तुझा नंबर शेवटचा. रविवारी तू अकराला अंघोळ करतेस, तेव्हा डोकंही अकरानंतरच दुखतं. लातूरला चार दिवस घरी होतीस तेव्हा एकदाही दुखलं नाही, आणि तिथे तुमच्याकडे पाणी अंगणातल्या बंबावर तापतं. सर्दीचं डोकं असं अंघोळीच्या वेळा पाळत नाही.

माझा संशय कार्बन मोनॉक्साइडवर आहे. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये तो कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. त्यामुळे ‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ असं आपण धरून चालतो, पण कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत नाकाचा काही उपयोग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. साध्या हवेत आल्यावर तो निम्मा उतरायला चार-पाच तास जातात. साडेआठची अंघोळ आणि एक वाजताची जेवणाची सुट्टी, हे गणित तुझं तूच केलं आहेस.

रूममेटनं करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावून बघितला आणि ९८ आलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. त्या आकड्यावर इथे विसंबता येत नाही. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखीच दिसतात, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही ते चांगला आकडा दाखवतं.

हा त्रास थंडीतच का वाढतो, तेही समजून घे. पाणी जास्त गार असतं म्हणून गिझर जास्त वेळ जळतो. खिडकी लावलेली असते. अंगावर कढत पाणी बरं वाटतं म्हणून अंघोळ लांबते. त्यात तुमच्याकडे तिघी एकापाठोपाठ. पहिलीला ताजी हवा मिळते, दुसरीला थोडी खराब, आणि तुझ्या वाट्याला दोन अंघोळींची साठलेली हवा येते. म्हणून त्या दोघींना काही होत नाही आणि तुला होतं. तू नाजूक आहेस म्हणून नाही.

बरीच वर्षं झाली, एक पंचविशीतला मुलगा माझ्याकडे फिटेच्या गोळ्या लिहून घ्यायला आला होता. दोन हिवाळ्यांत दोनदा फिट आलेली. मेंदूचा एमआरआय स्वच्छ, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख स्वच्छ, तरी गोळ्या सुरू होत्या आणि त्यांनी तो दिवसभर पेंगायचा. दोन्ही वेळा तू कुठे होतास, असं विचारलं तर म्हणाला, बाथरूममध्ये. पाणी कशावर तापतं? गॅस गिझरवर. खिडकी? तिला आईनं प्लास्टिक लावलं होतं, पोराला सर्दी होऊ नये म्हणून. गिझर बाहेर गेला, मेंदूच्या डॉक्टरांनी पुढे सावकाश गोळ्या बंद केल्या, फिट पुन्हा आली नाही. बाथरूममध्ये पडणाऱ्या अशा रुग्णांबद्दल भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बरंच लिहिलं आहे. तरीही दर थंडीत कुठे ना कुठे बंद बाथरूममध्ये कुणीतरी दगावल्याची बातमी येतेच. बहुतेक वेळा माणूस तरुण असतो, आणि दार आतून लावलेलं असतं. या वायूनं आधी पाय लुळे पडतात. काहीतरी बिघडलंय हे कळत असतं, पण कडीपर्यंत हात पोचत नाही.

आता काय करायचं. आज घरी गेल्यावर पहिलं काम, ते थर्मोकोल काढून टाक आणि खिडकीच्या पट्ट्या उघड्या कर. घरमालकाला आजच फोन कर आणि गिझर व सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत बसवून द्यायला सांग. तिथून नळी आत आणता येते, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. ते होईपर्यंत तो गिझर वापरू नका. अगदीच नाइलाज असेल तर दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, आणि मगच आत जा. अंघोळ करताना गिझर चालू असता कामा नये. शॉवर तर नाहीच. ज्योत निळी आहे म्हणून सगळं ठीक असंही समजू नकोस. पिवळी ज्योत आणि काजळी दिसली तर धोका नक्की आहे, पण निळी दिसली तरी तो नाही असं म्हणता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग बादलीत हीटरचा रॉड टाकू. रॉडनं शॉक लागून माणसं गेली आहेत, म्हणून त्याचंही सांगते. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, तेव्हा मोबाइल चार्जरच्या साध्या सॉकेटमध्ये तो लावायचा नाही. पाण्याला बोट लावून बघण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. दर वेळी. ‘फक्त बघतेय’ असं म्हणतानाच शॉक बसतो. मला विचारशील तर तिघींनी मिळून घरमालकाकडे साध्या विजेच्या गिझरसाठी हट्ट धरा.

आणि कधी रूममेट आत असताना हाक मारूनही आवाज आला नाही, तर विचार करत थांबू नका. दार तोडा, तिला ओढत मोकळ्या हवेत आणा, गिझर आणि सिलिंडर बंद करा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य ‘गॅस गिझर’ हे सांगा. ते कळलं की डॉक्टर लगेच ऑक्सिजन लावतात. नाही कळलं तर चक्कर, फिट, साखर यांच्या तपासण्यांत वेळ जातो. तुलाही उद्या पुन्हा डोकं दुखलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट बघू नकोस. तशीच मोठ्या दवाखान्यात जा आणि रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे या वायूनं अडवलेलं हिमोग्लोबिन, तपासायला सांग. ते लवकर तपासलं तरच सापडतं.

आता तुझ्या नडग्या. ही खाज थंडीत मी रोज बघते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिचं मूळ अंघोळीतच असतं. आपल्या कातडीवर तेलकट थर असतो, त्यानं आतला ओलावा धरून ठेवलेला असतो. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी, त्यात ऑफिसचा एसी दिवसभर, आणि वर पंधरा मिनिटं कढत पाणी व साबण. तो थर धुऊन जातो. नडग्यांवर तेलाच्या ग्रंथी आधीच कमी, म्हणून खाज तिथे पहिली सुटते. दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल लावून उटणं का लावतात, याचं उत्तर तुला तुझ्या नडग्या देतील. आपण एक दिवस ते करतो आणि पुढचे तीन महिने, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा विसरतो.

पाणी कोमट घे, पाच-सात मिनिटांत आटप. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता. हातापायांना रोज साबणाची गरज नसते. पंचानं टिपून घे, रगडू नकोस. आणि अंग अजून दमट असतानाच, बाथरूममधून बाहेर यायच्या आधी, तेल किंवा पेट्रोलियम जेली लाव. हे ‘दमट असतानाच’ फार महत्त्वाचं आहे. तू रात्री झोपताना कोरड्या अंगाला महागडं लोशन लावतेस आणि गुण येत नाही म्हणतेस. लोशन वाईट नाही, वेळ चुकते आहे. खोबरेल चालेल. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून बाटली अंघोळीच्या आधी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेव.

टाचांना रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून, टिपून, जाड जेली आणि वर सुती मोजे. आठवडाभरात फरक दिसेल. ब्लेडनं कातडी कापायची नाही. भेग खोल जाऊन रक्त येत असेल तर मात्र दाखव.

इथे एक गोष्ट नक्की तपास. खाज रात्री अंथरुणात वाढते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत का, आणि रूममेटपैकी कुणी खाजवते आहे का? तसं असेल तर ती खरूज. एकत्र राहणाऱ्या मुलामुलींत ती थंडीत सर्रास दिसते. तेलानं ती जाणार नाही. तिघींना एकाच दिवशी औषध लावावं लागतं आणि कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. आणि काहीही असो, मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेली ती ट्यूब, जी ‘सगळ्या खाजेवर चालते’, ती लावू नकोस. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवस गार वाटतं आणि गजकर्ण असेल तर ते चांगलं हातपाय पसरतं. गेल्या काही वर्षांत हट्टी गजकर्णाचे इतके रुग्ण येतात, त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे.

खोकल्याचं थोडक्यात. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर आणि धूळ वर जात नाही, खालीच कोंडून राहते. वाकडसारख्या, चारी बाजूंनी बांधकामं चाललेल्या भागात हे जास्त जाणवतं. तू सकाळी उठल्या उठल्या हायवेच्या कडेनं पळायला जातेस, ते आठनंतर जा. रात्री उशी थोडी उंच, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, चमचाभर मध. रूममेटकडे उरलेल्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या तू घेतल्यास, ते मला आवडलं नाही. विषाणूच्या सर्दीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. छातीत सूं-सूं आवाज येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर तो दमा असू शकतो आणि त्याला इनहेलर लागतो. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकीची तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. टीबी फक्त गरिबांना होतो, हा समज मनात असेल तर काढून टाक.

सकाळी उठवत नाही, याचं खापर तू थंडीवर आणि आळसावर फोडलं आहेस. मी तुझं वेळापत्रक दोनदा वाचलं. न्यूयॉर्कच्या टीमबरोबरचा कॉल त्यांच्या दुपारी बाराला असतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडे रात्री साडेनऊला यायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून तोच कॉल आता साडेदहाला येतो आणि साडेअकराला संपतो. मग तू जेवतेस, मग जरा मोबाइल, झोपायला सव्वा होतो. उठायचं मात्र पूर्वीसारखंच सातला. दिवाळीनंतर तुझी रोजची तासभर झोप गेली आहे आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ती परत येणार नाही. आयटीतली कितीतरी मुलं नोव्हेंबरात ‘थंडीमुळे गळून गेल्यासारखं वाटतं’ म्हणून येतात. कारण विचारलं की निम्म्यांचं कारण हेच निघतं. मॅनेजरला हे आकड्यांनिशी सांग. एक तर कॉल त्यांच्या सकाळी साडेदहाला घ्या, नाहीतर सकाळी ऑफिसला यायची तुझी वेळ तासभर पुढे सरकू दे. ही सवलत मागतेयस असं वाटून घेऊ नकोस.

थंड देशांतल्या, उजेड कमी पडल्यानं येणाऱ्या हिवाळी उदासीबद्दल तू वाचलंस. पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इथे उजेड भरपूर आहे, तुला तो मिळत नाही एवढंच. जेवणानंतर पंधरा मिनिटं इमारतीबाहेर उन्हात चाल. मैत्रिणीनं सांगितलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पूड तपासणीशिवाय घेऊ नकोस, आणि कुणी लिहून दिलीच तर ती बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेऊन किडनीला त्रास झालेले लोक मी पाहिले आहेत. इतरांपेक्षा तुलाच जास्त गारठा वाजतो म्हणतेस, त्यासाठी मात्र हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि तू शाकाहारी असल्यामुळे बी-१२, या तीन तपासण्या करून घे. पाळीत रक्तस्राव जास्त जातो का, तेही तुझ्या डॉक्टरांना सांग.

राहिलं रडू. यातला काही भाग त्या वायूचा असू शकतो. तो रोज थोडा थोडा अंगात गेला की चिडचिड होते, लक्ष लागत नाही. काही भाग झोपेचा. पण तू लिहिलंस की दोघी रूममेट दिवसपाळीला असतात, तुझा कॉल संपतो तेव्हा त्या झोपलेल्या असतात, आणि सोमवार ते शुक्रवार तू एकटीच ओट्याशी उभी राहून डब्यातलं गार जेवण जेवतेस. हे वाचून मला वाईट वाटलं. कॉलच्या आधी, साडेआठला, त्यांच्याबरोबर ताट वाढून जेव. भूक कमी असली तरी बस. साडेअकराला हवं तर कपभर गरम दूध. त्यानं झोपही तासभर आधी येईल. दोन आठवडे उलटूनही रडू थांबलं नाही, कशातच मन लागेनासं झालं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर वाट बघू नकोस. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी. आणि मला लिही.

आईला सांगू का, ती घाबरेल, असं विचारलंस. सांग. धाकटा भाऊ यंदा नाशिकला शिकायला गेलाय, असंही तू लिहिलं आहेस. नाशिकची थंडी पुण्याहून कडक असते. त्याच्या खोलीवर पाणी कशावर तापतं आणि बाथरूमची खिडकी उघडी असते का, हे आज रात्री कॉलला बसायच्या आधी फोन करून विचार.